न गुंडाळलेली नळी

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. मी हट्टी नाही. हट्टी माझी मावशी. मी चिकाटीचा आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो आमच्या घरात माझ्याखेरीज कोणालाही दिसत नाही.

केबल आणि नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी संशोधन आणि नवनिर्मिती विभागाचा प्रमुख आहे. ऐकायला भारदस्त वाटतं ना? मलाही वाटलं होतं. झालं असं की कुठल्याशा प्रदर्शनात आमच्या मोठ्या साहेबांना कोणीतरी विचारलं, "तुमच्याकडे संशोधन काय चाललंय?" साहेबांना उत्तर सुचेना. परत आल्या आल्या त्यांनी विभाग काढला आणि मला खरेदी खात्यातून उचलून तिथे बसवलं. विभाग म्हणजे एक खोली. तिच्यात पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत. त्या खुर्च्या हलवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्या तिथेच राहिल्या. त्यातल्या त्यात कमी मोडकी होती ती प्रमुखाला, म्हणजे मला मिळाली. शिवाय एक पांढरा कोट मिळाला. तो बहुधा कोणा सडपातळ शास्त्रज्ञासाठी शिवला असावा. बटणं लावली की मला श्वास घेता येत नसे आणि श्वास घेतला की बटणं राहत नसत. साहेब लोक आले की मी कोट हातावर टाकून फिरायचो, जणू आत्ताच प्रयोगातून उठून आलोय.

आता मावशी. ती आमच्याकडेच राहते. आयुष्यभर तिने शाळेत कवायत शिकवली. तिने पटांगणात "सावधान" म्हटलं की बाहेरून जाणारे सायकलवालेसुद्धा खाली उतरायचे म्हणतात. निवृत्त झाल्यावर तिचा एकच कार्यक्रम उरला. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून समोरच्या बाईंशी भांडायचं. समोरच्या बाई म्हणजे गल्लीपलीकडच्या इमारतीतल्या शिवणकामवाल्या, मावशीची जन्मभराची मैत्रीण. भांडणाचा विषयही ठरलेला. फार वर्षांपूर्वी मावशीच्या शाळेचे कवायतीचे गणवेश या बाईंनी शिवले होते, आणि झाडून सगळ्या गणवेशांची डावी बाही उजवीपेक्षा लांब झाली होती. मावशी म्हणायची, तू कापड चुकीचं कापलंस. बाई म्हणायच्या, तू मापं चुकीची दिलीस. एवढ्या भांडवलावर दोघींनी किती वर्षं काढली असतील, तुम्हीच विचार करा.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाई तिकडून कडाडल्या, "माझीच चूक होती तर तेव्हाच का नाही बोललीस?" मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला दम लागला. जी खाली बसली ती उठेचना. मग डॉक्टर, दवाखाना, धावपळ. घरी परत आली ती प्राणवायूचं मशीन घेऊन. मशीन आतल्या खोलीत, त्याला एक लांब नळी, आणि नळीचं दुसरं टोक मावशीच्या नाकाशी.

पहिल्याच संध्याकाळी मावशी उठली. "मला गॅलरीत जायचंय," म्हणाली. "माझं उत्तर द्यायचं राहिलंय."

नळी गॅलरीपर्यंत सहज पोचेल इतकी लांब होती, पण तिच्या अंगात वेटोळं मुरलेलं होतं. मावशी एक पाऊल पुढे टाकायची आणि नळी मागे गोल गोल गोळा व्हायची. एक वेढा खुर्चीच्या पायाला, एक दाराखाली. मावशीने जरा ओढली की ती मध्येच मुडपायची, हवा बंद व्हायची आणि मशीन असं बोंबलायचं की आमच्या हिच्या हातातलं भांडं खाली पडायचं. रोज संध्याकाळी मावशी निघायची आणि रोज बैठकीच्या दारातून परत फिरायची.

मी म्हटलं, "मावशी, मला सांग, मी ओरडून सांगतो तुझं उत्तर."

"तू? तुझा आवाज जिन्यापर्यंत जात नाही, छोट्या." मी पन्नाशीचा आहे, विभागप्रमुख आहे, पण मावशीला मी छोट्याच.

"मग फोन लावून देतो."

"भांडण काय फोनवर करतात? तोंड दिसायला नको तिचं?"

समोरच्या बाईंचे गुडघे गेलेले आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे त्यांना चार जिने उतरून इकडे येणं शक्य नव्हतं. रोज संध्याकाळी त्या त्यांच्या गॅलरीत येऊन बसायच्या, आमच्या रिकाम्या गॅलरीकडे बघायच्या आणि आत जायच्या. मी हे खिडकीतून बघायचो. मला ते बघवत नसे.

त्यातच एके दिवशी मावशीने चष्मा लावला आणि नळीवर बारीक अक्षरांत छापलेलं कारखान्याचं नाव मोठ्याने वाचलं. आमच्याच कारखान्याचं. "छोट्या, हे तुमचं काम?" तिने विचारलं. मी मान खाली घातली. "आणि तू तिथे संशोधन करतोस?" म्हणाली. तो "संशोधन" शब्द तिने ज्या सुरात उच्चारला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच क्षणी मी ठरवलं, मावशीला गॅलरीत नेईन तर याच कारखान्याच्या नळीने नेईन.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. सल्ले सुरू झाले. तळमजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात, त्यांना आम्ही थिअरीकाका म्हणतो. ते म्हणाले, नळीला ठिकठिकाणी वजनं बांधा. बांधली. मावशी म्हणाली, "मला काय नांगर ओढायला लावतोस?" मग म्हणाले, नळी छताला टांगा. टांगली. तिच्यात माझाच चष्मा अडकला आणि मी स्टुलावरून खाली आलो. बहुतेकांचं म्हणणं, मशीनच उचलून गॅलरीत ठेवा. पण मशीनवाल्याने बजावलं होतं, धुळीत ठेवलंत तर बंद पडेल, आणि आमची गॅलरी बरोबर रस्त्यावर. आमची ही एवढंच म्हणाली, "आतल्या आत जरा पुढे सरकवून बघू या का?" मी तिला समजावलं की हा सरकवासरकवीचा प्रश्न नाही, हा मुळात शास्त्राचा प्रश्न आहे. "बरं," ती म्हणाली. तिच्या या "बरं"मध्ये काय काय असतं ते नवरेमंडळींना सांगायला नको.

मी शास्त्राला लागलो. नळीच्या मिश्रणातच दोष आहे अशी माझी खात्री होती. म्हणून मी मिश्रणं बदलायला सुरुवात केली. पहिली नळी इतकी मऊ झाली की स्वतःच्याच वजनाने चपटी व्हायची. दुसरी इतकी कडक की तिने खोलीतली आणखी एक खुर्ची मोडली. तिसरीला असा वास होता की शेजारच्या हिशेब खात्याने खिडक्या उघडून माझ्या नावाने शंख केला. चौथी बरी होती, पण हाताला चिकटायची. दहा-अकरा मिश्रणं झाली. सगळ्यांत एकच साम्य होतं. माझ्या टेबलावर नमुना आला, सोडला, की गोल. परत सोडला, परत गोल!

इथे तुम्हाला खोकेसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. ते पॅकिंगचे प्रमुख. जे खोक्यात मावत नाही ते कारखान्यात तयारच झालेलं नाही, असं त्यांचं तत्त्वज्ञान. आमच्याकडे नियम आहे की नळी यंत्रातून बाहेर पडली, पाण्याच्या हौदातून गेली, की थेट खोकेसाहेबांच्या माणसांनी ती छोट्या रिळावर गच्च गुंडाळायची आणि खोक्यात घालून शिक्का मारायचा. विक्रीची असो की संशोधनाची, खोक्याविना नळी जागची हलायची नाही. खोकं एवढंसं, कारण गोदामातले कप्पे एवढेसे. कप्पे एवढेसे का, हे विचारणारा मनुष्य अजून जन्माला आलेला नाही.

आणि या खोकेसाहेबांचा डोळा माझ्या खोलीवर होता. रिकामी खोकी ठेवायला त्यांना जागा हवी होती. ते अधूनमधून माझ्या दारात यायचे, नजरेने भिंती मोजायचे आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणून जायचे.

शेवटी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. "सोमवारी मला काहीतरी दाखवा. नाहीतर विभाग बंद. तुम्ही परत खरेदीत, खोली खोकेसाहेबांना."

मी शेवटचं मिश्रण ठरवलं. त्यात एक नवा पदार्थ घालायचा होता. भांडारातून निरोप आला, पदार्थ सोडायला सही लागेल आणि सहीवाले रजेवर आहेत. यंत्रावरच्या माणसाने वाट बघून बघून नेहमीच्याच जुन्या मिश्रणाची नळी काढली. ठीक, म्हटलं, निदान तीच द्या, काहीतरी करतो. तर खोकेसाहेबांचा निरोप, खोकी संपली आहेत.

मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. "अहो, मला खोकं नकोय! नुसती नळी गुंडाळून द्या."

"खोकं नाही तर गुंडाळणी नाही," ते शांतपणे म्हणाले. "आधी खोकं, मग रीळ, मग नळी."

"मग ती नळी काय अशीच पडून राहणार?"

"पडू दे. तिला काय घाई आहे?"

घाई मला होती. मी पाय आपटले, आवाज चढवला, कोट घातला, रागाच्या भरात त्याचं एक बटण तुटलं. काही उपयोग झाला नाही. ती नळी यंत्राशेजारच्या लांबलचक बोळात भिंतीच्या कडेने तशीच पडून राहिली आणि कारखान्याला सुट्टी लागली. सुट्टीभर मी घरी कोणाशी धड बोललो नाही. मावशी एकदा म्हणाली, "असू दे रे छोट्या, नाही जमत तर नाही." आयुष्यात पहिल्यांदा तिने मला असं सूट दिल्यासारखं म्हटलं. त्याने मी जास्तच पेटलो.

सोमवारी सकाळी मी आधी त्या बोळात गेलो. नळी होती तिथेच होती. मी एक टोक उचललं, पुढे चाललो. नळी माझ्यामागून निमूट सरळ आली. कोपऱ्यावरून वळलो, तीही वळली आणि पुन्हा सरळ झाली. टोक जमिनीवर फेकलं. पडून राहिली. गोल नाही, वेढा नाही, काही नाही. 

अकरा मिश्रणं! अकरा! आणि दोष मिश्रणात नव्हताच. नळी आतून अजून कोमट असतानाच आम्ही तिला त्या एवढ्याशा रिळावर आवळत होतो. त्या स्थितीत ती थंड होणार, तेच तिच्या अंगात मुरणार. माझा प्रत्येक नमुना माझ्यापर्यंत पोचण्याआधीच बिघडलेला असायचा. एकदा, फक्त एकदा खोकी संपली, आणि नळी शहाण्यासारखी सरळ थंड झाली. आनंदाने ओरडावं की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना. थोडं थोडं दोन्ही केलं.

मोठ्या साहेबांसमोर मी नळी चालवून दाखवली. त्यांनी बघितली आणि विचारलं, "छान. यात नवीन काय घातलंत?"

"काही नाही, साहेब."

"मग केलंत काय?"

"गुंडाळली नाही, साहेब."

खोकेसाहेबांना खोकल्याची उबळ आली. मी तिला खोकला म्हणतो, कारण मी सभ्य माणूस आहे. साहेबांनी नळी बुटाच्या टोकाने जरा हलवून बघितली. मग म्हणाले, "इथल्या गुळगुळीत फरशीवर काहीही चालेल. रुग्णाच्या घरात, दारांतून, खुर्च्यांतून चालवून दाखवा. आजच. खोकेसाहेब सोबत जातील, ते सांगतील तो निकाल."

म्हणजे ज्याला माझी खोली हवी, तोच पंच. मी म्हटलं, चालेल. आता मी यमाला पंच नेमला असता तरी हो म्हटलं असतं. मिश्रण जुनंच, मान्यता असलेलं, त्यामुळे तपासणी खात्याने अडवलं नाही. त्यांनी नळी आमच्या कठड्यापर्यंतच्या नेमक्या मापाने कापली आणि धुऊन दोन्ही टोकांना टोप्या घातल्या. डॉक्टरांना फोन केला, तेही म्हणाले, लावून बघा, जुनी हाताशी ठेवा.

प्रश्न एकच होता, नळी घरी न्यायची कशी? गुंडाळायची नाही, यावर मी ठाम होतो. आता कोणी हिला गोल केलं असतं तर मी त्याला गोल केलं असतं. रिक्षावाल्याने नळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि रिक्षा वळवून निघून गेला. बसच्या वाहकाने विचारलं, "पुढचं टोक कुठे उतरणार?" शेवटी आम्ही चालत निघालो. पुढचं टोक माझ्या हातात, मागचं खोकेसाहेबांच्या, आणि मध्ये भर रस्ता. माझ्या अंगावर पांढरा कोट होता, ओळख पटावी म्हणून. लोक आमच्यामध्ये थांबायचे, खाली वाकून पलीकडे जायचे. एका आजोबांनी आम्ही रस्ता मोजतोय असं समजून त्यांच्या दारातल्या खड्ड्याची तक्रार माझ्याकडे नोंदवली. चौकात मी पलीकडे पोचलो आणि खोकेसाहेब अलीकडेच राहिले. वाहनं आमच्यामुळे थांबली, आणि लोकांनी आम्हा दोघांच्या घराण्यांबद्दल जे उद्गार काढले ते मी इथे देत नाही.

"प्रमुखसाहेब, हात दुखायला लागले हो!" मागून आरोळी आली.

"सोडायची नाही!" मी ओरडलो. "आणि वाकवायची नाही!"

इमारतीत शिरलो तर थिअरीकाका दारातच. "जिन्याच्या वळणांवर मुडपेल. लिफ्टने न्या, तिरकी बसेल," ते म्हणाले. मी का ऐकलं? मला आजही सांगता येत नाही. नळी तिरकी घातली, ती बसली नाही, दार बंद झालं, आणि पुढचं टोक दारात सापडून चेचलं गेलं. मी इतक्या जोरात ओरडलो की तिसऱ्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. काकांनी लगेच खिशातून कात्री काढली. त्यांच्या खिशात कात्री का असते, देव जाणे. "हातभर तर गेली. कापून टाका, काय फरक पडतो?" म्हणाले. कापावीच लागली. मग जिन्यानेच नेली, वळणावळणाला एक शेजारी उभा करून. मुडपली नाही.

हिने दार उघडलं. घामाघूम नवरा, त्याच्यामागे नळी, नळीमागे जिन्यावर कुठेतरी खोकेसाहेबांची धाप. तिने सगळं नीट बघून घेतलं. "अहो, मोठ्ठं वेटोळं करून खांद्यात अडकवायचं की. थंड झालेली नळी तेवढ्याने थोडीच बिघडते?"

 खोकेसाहेबांनी आपल्या दुखऱ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग ते हळूच हिला म्हणाले, "वहिनी, मोठ्ठं म्हणजे केवढं?" हिने दोन्ही हात पसरून दाखवलं. त्यांनी ते नजरेने मोजलं, माझ्या खोलीच्या भिंती मोजायचे तसं.

टोपी काढली, जुन्या नळीचं नाकाशी लावायचं टोक बसवलं, नळी मशीनला जोडली. मशीन गुरगुरायला लागलं. मावशी उठली. तिने केस नीट केले, पाठ ताठ केली आणि निघाली. आतल्या खोलीचं दार गेलं. नळी तिच्यामागून सरळ. बैठकीचं दार, जिथून ती रोज परत फिरायची, तेही गेलं. खुर्चीला नळी घासली आणि सुटली. मशीन बोंबललं नाही.  मावशीने गॅलरीचा उंबरा ओलांडला, एक पाऊल टाकलं, आणि थांबली. नळी ताणली गेली होती. कठडा आणि मावशी यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं. तेच हातभर, जे लिफ्टपाशी कापलं गेलं होतं.

 इतकं सगळं करून हातभर!

तेवढ्यात आतून चाकांची करकर ऐकू आली. हिने मशीनला दोन्ही हातांनी धरून खोलीतल्या खोलीत हातभर पुढे ढकललं होतं. "सरकवासरकवी केली हो जरा," ती म्हणाली. "शास्त्रात बसत नसेल तर सांगा."

मावशीने कठडा धरला.

समोर बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या, गुडघे गेलेले असून.  मग बाईंनीच सुरुवात केली. "तोंड लपवून बसलीस ना इतके दिवस? उत्तर नव्हतं म्हणून!"

मावशीने श्वास घेतला. नळीतून, शांतपणे, पोटभर. आणि मग पटांगणातला तो आवाज निघाला.

"मी तेव्हा बोलले असते तर शाळेने तुझं काम काढून घेतलं असतं! तुझी पोरं लहान होती! म्हणून नाही बोलले!"

सगळ्या गल्लीने ऐकलं. खाली एक सायकलवाला खरोखरच उतरला.  बाईंनी पदराने डोळे पुसले, एकदा, दोनदा. मला वाटलं, संपलं भांडण, इतक्या वर्षांचं.

"म्हणजे मापं बरोबर होती हे तू कबूल करून घेतेयस होय माझ्याकडून!" बाई ओल्या आवाजात कडाडल्या. "उद्या ये! उद्या बघते तुला!"

"येणार!" मावशी म्हणाली. "रोज येणार!"

मी वळून पाहिलं. पंचसाहेब दाराला टेकून उभे होते आणि नाक शिंकरत होते. या खेपेला त्याला खोकला म्हणायची गरज नव्हती.

"प्रमुखसाहेब," ते म्हणाले, "खोकं मोठं करावं लागेल."